खोताची वाडी : घरांची बांधणी व त्यांचे जतन

गिरगावातील खोताची वाडी ही मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची एक जुनी वसाहत होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू जमीनमालकांनी येथील जागा स्थानिक कुटुंबांना दिल्या व त्यांच्या नावाने वाडी ओळखली जाऊ लागली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव समाजाने १८८७ साली धारण केले. वाडी त्याहून जुनी आहे. येथील घरांच्या बांधणीची माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

ही घरे बहुधा एकमजली माडीची आहेत. घराचा भार लाकडी खांब व तुळयांवर असतो. उतरते छप्पर मंगलोरी कौलांचे असते. ही कौले बनविणारा बासेल मिशनचा कारखाना मंगलोरला १८६५ साली सुरू झाला. त्यामुळे वाडीच्या आरंभीच्या घरांवर ती असणे शक्य नाही. छपराच्या कडेला नक्षीदार लाकडी झालर, खिडक्यांना झिलमिली आणि दर्शनी भागी गल्लीकडे उघडणारा व्हरांडा ही आणखी काही वैशिष्ट्ये होत. माडीवर जाणारा जिना अनेक घरांत बाहेरूनच असतो. त्यामुळे आतील जागा वाचते आणि वर भाऊबंद किंवा भाडेकरू स्वतंत्रपणे राहू शकतात. व्हरांड्यात बसलेला माणूस वाटसरूशी सहज बोलतो. घर आणि शेजार ह्यांत भिंत उरत नाही.

एके काळी वाडीत सुमारे ६५ जुनी घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. पावसाळा व वाळवी ह्यांमुळे लाकडाची डागडुजी सतत करावी लागते आणि चांगले लाकूड व जाणते सुतार दुर्मीळ झाले आहेत. वारसांची संख्या वाढते, जागेचा भाव वाढतो आणि घर विकण्याचा मोह बळावतो.

अशाच एका घराची कथा येथे उद्‌बोधक ठरेल. इंग्लंडमधील आल्फ्रिस्टन गावी चर्चजवळ चौदाव्या शतकातील एक धर्मगुरुनिवास आहे. लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर आणि मधोमध छपरापर्यंत मोकळे असलेले दालन अशी त्याची रचना आहे. दालनाची भुई खडू व आंबट दूध वापरून चोपलेली आहे. एकोणिसाव्या शतकात हे घर मोडकळीस येऊन पाडले जाणार होते. तेथील धर्मगुरूंनी आवाज उठविला आणि १८९६ साली नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेने ते अवघ्या १० पौंडांना विकत घेतले. संस्थेने खरेदी केलेली ही पहिली वास्तू. किंमत अल्प होती. खरा खर्च दुरुस्तीचा होता आणि तो लोकांच्या देणग्यांतून उभारावा लागला.

नॅशनल ट्रस्टची स्थापना १८९५ सालची. मुंबईचे वारसा नियम बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ साली आले. परंतु नियम पाडकाम रोखू शकतो, गळके छप्पर शाकारू शकत नाही. आल्फ्रिस्टनचा भार संस्थेने उचलला; खोताच्या वाडीत तो प्रामुख्याने एकेका कुटुंबावरच पडतो. म्हणून वाडीचे कौतुक करणाऱ्या आपण सर्वांनी तेथील कुटुंबांच्या पाठीशीही उभे राहावे, असे आम्हांस वाटते. माणसे राहिली तरच घरे राहतील.