भोंकांचा बूट



मागें एकदां ज्येष्ठांत भीमाशंकरच्या रानांत जावयाचें ठरलें, तेव्हां मीं एका दुकानांतून घोट्याच्या वर येणारा जाड चामडी बूट घेतला. यांत पाण्याचा थेंबहि शिरावयाचा नाहीं, अशी हमी दुकानदारानें दिली. ती अक्षरशः खरी ठरली. कातड्यांतून थेंबहि आला नाहीं. परंतु पहिल्याच ओढ्यांत पाणी बुटाच्या काठावरून आंत गेलें, आणि मग दिवसभर तें बाहेर पडेना! सायंकाळीं पाय मोकळे केले, तेव्हां तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पाणी शिरेल काय, असें मीं विचारलें होतें. शिरलेलें पाणी निघेल काय, हें विचारलें नव्हतें. माझें राहूं द्या. हा दुसरा प्रश्न सुचावयास मोठमोठ्या सैन्यांनाहि फार काळ लागला.

युरोपांतील सैनिकी बूट हा थंडी आणि चिखल यांसाठीं घडलेला. जाड कातडें, त्यावर चरबीचें लेपण, तळाशीं लोखंडी खिळे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील खंदकांत हजारों शिपाई पाय सडून निकामी झाले, तें पाऊल तासन्‌तास ओलें व गारठलेलें राहिल्यामुळें. पाय रोज पुसावेत, तेल चोळावें, मोजे बदलावेत असे हुकूम सुटले. पण बुटाच्या मूळ कल्पनेस कोणी हात लावला नाहीं. उष्ण रानांत तर पाऊस नसला तरी पाऊल घामानें आंतूनच भिजतें. बाहेरची हवा दमट, आंतली कोंडलेली. घाम सुकावा कोठें?

ही कोंडी फुटली ती पनामांत. तेथील कालव्याचें रक्षण करणाऱ्या अमेरिकन फौजेनें जंगलांतील साहित्य पारखण्यासाठीं एक लहानशी तुकडी उभारली होती. तिचा कप्तान क्रेसन कर्नी हा भूगर्भशास्त्र शिकलेला असून व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीकांठचीं रानें त्यानें पायांखालीं घातलीं होतीं. या तुकडीनें पसंत केलेला बूट १९४२ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारला. त्याचा वरचा भाग कॅनव्हासचा, तळ रबराचा, आणि पावलाच्या आंतल्या बाजूस चक्क भोंकें! दमट रानांत पाणी अडवील आणि हवाहि खेळवील असा बूट होणेंच नाहीं. तेव्हां पाणी खुशाल येऊं द्यावें आणि लगेच जाऊं द्यावें, किडा व चिखल तेवढा अडवावा, असा हा सरळ हिशेब होता. म्हणून भोंकांवर बारीक जाळी होती. आंत 'सॅरन' नांवाच्या प्लास्टिकच्या जाळीचे थर जोडून केलेली गादी असे. पाऊल टेकलें कीं गादी दबून आंतली दमट हवा भोंकांवाटे बाहेर पडे. पाऊल उचललें कीं ताजी हवा आंत येई. लोहाराचा भाताच जणूं पायाखालीं ठेविला होता. जोडीचें वजन सुमारें तीन पौंड.

हा बूट निर्दोष होता असें नाहीं. १९४४ मध्यें ब्रह्मदेशांतील जंगलांत तो वापरला गेला. मात्र सुती कापड सतत ओलें राहून कुजे. युद्ध संपत आलें तेव्हां नायलॉनचे प्रयोग सुरू झाले. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत जो बूट निघाला, त्याच्या टांचेस व चवड्यास कातडें, बाजूंस नायलॉन, तळाशीं बांबूच्या अणकुचीदार खुंट्यांपासून रक्षण करणारा पोलादी पत्रा होता. भोंकें मात्र कायम राहिलीं!

हलकेपणाचें महत्त्वहि हळूहळूच उमगलें. १९६९ सालीं सोल व गोल्डमन या दोन अमेरिकन संशोधकांनीं मोजून पाहिलें. चालण्याच्या वेगाप्रमाणें पायांतील ओझें अंगावरील तेवढ्याच ओझ्याच्या सुमारें चार ते सहा पट श्रम घेतें, असें त्यांस आढळलें. आमच्या घाटावरचा माणूस ओढा आला कीं वहाणा काढून हातीं घेतो. त्याला हें गणित कोणीं शिकविलें असेल?

तेव्हां उन्हाळ्यांत रानांत जाणारांनीं पाणबंद अस्तराच्या मोहांत पडूं नये. बूट हातांत तोलून पाहावा. बाजूच्या कापडाला तोंड लावून फुंकावें. फुंकर पलीकडे जाणवली तर हवा खेळेल. पाय सायंकाळीं थोडे फुगतात, म्हणून खरेदी त्याच वेळीं करावी. सुती मोजा घाम धरून ठेवतो. पातळ लोकरीचा बरा. मात्र कोयनेकडच्या रानांत पावसाळ्यांत जळवा फार, तेथें जाळी बारीकच हवी. करवंदीच्या जाळ्यांतून वाट असेल तर पातळ कापड टिकावयाचें नाहीं, तेथें थोडें कातडें सोसावें.

मीं पुढल्या वर्षीं कापडी बूट घेऊन त्याच वाटेनें गेलों. ओढ्यांत पाय घोट्याच्या वर बुडाले. पलीकडच्या चढावर वीस-पंचवीस पावलें टाकलीं, तों बाजूच्या जाळींतून पाणी पिचकाऱ्यांसारखें उडूं लागलें, आणि वर देवळाशीं पोहोंचेपर्यंत मोजे नुसते दमट उरले होते.