घरातला कापूस आणि १९४४ चं जहाज



१४ एप्रिल म्हटलं की आपल्याकडं गल्लोगल्ली निळे झेंडे अन् भीमजयंतीची मिरवणूक. ती आठवण पहिली, त्यात वादच नाही. पण त्याच दिवसापासून २० एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही पाळतात. तो कशामुळं सुरू झाला, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. वाचलं, तेव्हा मला आधी आमच्याच घरातला कापूस आठवला.

आधी जहाजाचं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, वर सोन्याच्या विटा. कराचीत त्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या. कापूस आणि स्फोटकं एका जहाजात नको, असं कप्तानाचं म्हणणं होतं. पण युद्धात जहाजांची टंचाई, रिकामी जागा कोण सोडतो? 'एवढ्यानं काय होतंय' म्हणत माल चढला. एका कप्प्यात तर खाली कापूस आणि त्याच्या वर दारूगोळा.

१४ तारखेला शुक्रवार होता. दुपारच्या जेवणानंतर हमाल कामावर आले, तेव्हा त्या कप्प्यातून धूर निघताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण आगीचं मूळ सापडेना. वरून पाणी, आणि आत कापूस धुमसतोय. जहाज समुद्रात ओढून न्यावं की तिथंच बुडवावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. त्यातच दोन तास गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. हादऱ्याची नोंद पार शिमल्याच्या यंत्रावर झाली. आठशेच्या वर माणसं गेली. त्यात आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान होते. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. सप्ताह त्यांच्यासाठीच.

आता आमच्या घराचं.

२०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, ते आठवतंय ना? पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत कापूस अडवून ठेवला. आम्हीही ठेवला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, पण भाव काही चढेना. त्याच खोलीत विजेचा बोर्ड, बोर्डाला मोबाइल चार्जिंगला. भिंतीपलीकडं गॅसचा सिलिंडर.

एका रात्री आईला जळका वास आला. "अरे उठ रे, काहीतरी जळायलंय." बघितलं तर ढीग वरून पांढराशुभ्र, बोर्डाखाली वीतभर काळं. आम्ही आठ-दहा घागरी पाणी ओतलं. विझलं म्हणून झोपलो. पहाटे पुन्हा धूर.

तेव्हा शेजारच्या काकांनी सांगितलं, "पाणी नका ओतू नुसतं, ढीग उपसा." आधी सिलिंडर बाहेर नेला, मेन स्विच बंद केला. मग पाट्या भरभरून कापूस अंगणात काढला, पसरला, भिजवला. आतला भाग राखेसारखा झाला होता. दोन-तीन क्विंटल गेला, पण घर वाचलं. सिलिंडर भिंतीपलीकडं होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जहाजाची गोष्ट वाचल्यावर कळलं की कापूस तेव्हाही असाच जळत होता. कापसाला भडका लागेलच असं नाही. तो आतल्या आत धुमसतो. ढिगात थोडी हवा असते, तेवढी त्याला पुरते. वरचं पाणी आतपर्यंत पोचत नाही. म्हणून ढीग फोडल्याशिवाय आग विझली असं म्हणायचंच नाही.

दवाखाने, जिनिंग, मंगल कार्यालयं यांच्यासाठी २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. कायदा असूनही ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळं गेली. त्यामुळं आपल्या गावातल्या दवाखान्यात तो दाखला आहे का, हे विचारायला लाजू नका. पण आपल्या पुढच्या खोलीचा दाखला मागायला कोण येणार? तिथले अधिकारी आपणच.

बंब शहरातून निघणार, वाटेत वीस-पंचवीस किलोमीटर खड्डे. १०१ ला फोन जरूर लावा, पण तो येईपर्यंतचा वेळ आपलाच आहे. म्हणून एवढं तरी करू:

कापूस ठेवायचाच असेल तर ज्या खोलीत बोर्ड, चूल, देवघरातला दिवा नाही, त्या खोलीत ठेवा. बोर्ड असलाच तर त्या खोलीची लाईन बंद करा. ढिगाजवळ बिडी नको, पाहुणा असला तरी. सिलिंडर लांब, हवा खेळती असेल तिथं ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. कडब्याची किंवा सोयाबीनची गंजी विजेच्या तारांखाली लावू नका, आणि सगळ्या गंज्या एकमेकींना चिकटवूनही लावू नका.

बैल गेला न् झोपा केला, असं आपल्याकडं म्हणतात. आमचा बैल थोडक्यात वाचला म्हणून लिहितोय. ज्यांच्या घरात आज कापूस आहे, त्यांनी हे वाचून झाल्यावर एकदा उठून त्या खोलीत बोर्ड कुठं आहे ते बघून या. बाकीच्यांनी हे गावच्या ग्रुपवर टाका.