बुकबाइंडर फॅरडे
मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम, मग लंडनमध्ये सात वर्षं बुकबाइंडरकडे उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं वाचूनच तो विज्ञानाकडे वळला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या तारेच्या एका वेटोळ्याला त्याने बॅटरी जोडली. जोडताना आणि तोडताना, तेवढ्यापुरती, दुसऱ्या वेटोळ्याजवळची चुंबकसुई हलली. चुंबकत्व बदललं की तारेत वीज येते. दुसरीकडे वेढे जास्त तर दाबही जास्त. हाच ट्रान्सफॉर्मर. ऑक्टोबरात त्याने वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला, तेच जनरेटरचं मूळ.

आपल्या मोहल्ल्यांत मोटर वाइंडिंग करणाऱ्या पोरांच्या हातात हीच तार असते. शाळा सुटली म्हणून वाचन का सुटावं, असं मी त्यांना विचारतो. कुरआनचं अवतरणच वाचण्याच्या आज्ञेने सुरू झालं आहे.