अठराच्या आतला डाव : धाराशिव जिल्ह्यातील मुली आणि खो-खो

मुरुम हे उमरगा तालुक्यातले, कर्नाटकाच्या हद्दीलगतचे बाजाराचे गाव. इथे मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बसून बोलतात. गावाचे नाव आणि खो-खोच्या मैदानाचा पाया यांचा शब्द मात्र एकच आहे. या भागातली काळी जमीन पावसात पायाला चिकटते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. तिच्यावर ज्वारी, तूर, हरभरा पिकतो, पण पळता येत नाही. म्हणून मैदान करायचे तर आधी मुरूम टाकावा लागतो, त्यावर चाळलेली माती पसरावी लागते, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. या भागात मैदान आपोआप मिळत नाही, ते करावे लागते. मुलींच्या संघाचेही तसेच आहे.

वरिष्ठ संघाचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते. खेळाडू दहा-बारा वर्षे खेळतात, नावे रुळतात, वर्तमानपत्रांची कात्रणे साठतात. कुमार गटाचा संघ दरवर्षी मोडतो आणि दरवर्षी नव्याने उभा राहतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की खेळाडू गटाबाहेर. त्यामुळे या संघाचा इतिहास शोधायचा तर मुलींना खेळायला नेमकी किती वर्षे मिळाली, ती कोणी मिळवून दिली आणि त्यानंतर काय झाले, हे विचारावे लागते. धाराशिव जिल्हा हे प्रश्न विचारायला योग्य जागा आहे, कारण महाराष्ट्राच्या महिला खो-खोतली काही मोठी नावे याच जिल्ह्यातून आली.

नियम इकडे, मुलूख तिकडे

खो-खो जुना असला तरी त्याचे नियम आधुनिक आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ते बांधायला घेतले. १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली काढली. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याने देशी खेळांच्या नियमांना एकसारखेपणा दिला. पुणे, बडोदे, मुंबई ही या खेळाची सुरुवातीची केंद्रे.

त्या काळात आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९०४ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते, मग ते धाराशिवला आले आणि गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले. हैदराबाद संस्थानात सभा, खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावर परवानगीची जाचक बंधने होती. चार पोरे मैदानात जमली तरी त्याला राजकीय वास येत असे. अशा दिवसांत १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवू लागले. अभ्यासाइतकेच शरीर कमावणे हा अशा शाळांचा बाणा होता. परंतु तो बाणा मुलांपुरता. मुलींनी मैदानात उतरावे, हा विचार या मुलखात अजून यायचा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. याच सुमारास खो-खोची राष्ट्रीय घडी बसत होती. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. त्यानंतर कोल्हापुरात महिलांची स्पर्धा सुरू झाली. कुमार गटाची, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७०-७१ मध्ये हैदराबादला सुरू झाली. मुलींना त्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले. आज ही वयोमर्यादा मुलगा-मुलगी दोघांनाही अठराच आहे.

अठरा हा आकडा

अठरा या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. निजामी मुलखाला तो लागू नव्हता. १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ मध्ये अठरा. म्हणजे मुलींचा कुमार गट आणि लग्नाचे आजचे किमान वय ही दोन्ही एकाच दशकाची देणगी. कागदावर या दोन रेषा तंतोतंत जुळतात. जिथे मुलीचे कुमार गटातले खेळणे संपते, तिथे कायद्याने तिचे लग्न शक्य होते.

कायद्याची रेषा आणि घरातली रेषा मात्र वेगळ्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती, आणि मराठवाड्यातले बहुतेक जिल्हे या सरासरीच्या वर आहेत. भूम, कळंब, वाशी या बालाघाटाच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वयात आलेली मुलगी मागे कोणाजवळ ठेवायची, या काळजीतून कितीतरी लग्ने उरकली जातात. ज्या महिन्यांत कारखान्यांचा गाळप हंगाम चालतो, साधारण त्याच महिन्यांत शालेय आणि संघटनेच्या स्पर्धांचाही हंगाम असतो. एकाच वयाच्या दोन मुलींपैकी एक फडात जाते, दुसरी मैदानात. कोण कुठे जाईल हे अनेकदा एखादी आजी, एखादा मामा किंवा एखादे क्रीडाशिक्षक ठरवतात.

इथे दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे कुमार संघ गावोगावी आहेत. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेला मेमोरियल कप हा त्यांचा सर्वांत मोठा चषक. त्यांतल्या वरच्या संघांत साधारण सोळा ते वीस वयाची मुले खेळतात आणि अठराव्या वर्षी व्यावसायिक संघ त्यांची निवड करू शकतात. तिथेही अठरा हा उंबरठाच आहे. पण तो ओलांडला की पुढे मोठी बाजारपेठ उभी असते. आपल्याकडच्या मुलीला तो उंबरठा ओलांडताना खेळाच्या बाजूने हात देणारे फार थोडे असते. २०२२ मध्ये पुण्यात व्यावसायिक खो-खोची पहिली लीग मोठ्या थाटात झाली, ती पुरुषांची. २०२३-२४ च्या दुसऱ्या हंगामातही महिलांचे संघ नव्हते.

एक मुलगी तेराव्या वर्षी

या पार्श्वभूमीवर सारिका काळे यांचे उदाहरण वाचावे. उस्मानाबादच्या या मुलीला तेराव्या वर्षी मामाने मैदानावर नेले. वडिलांच्या शारीरिक मर्यादांमुळे घर आई आणि आजी-आजोबांच्या कमाईवर चालत होते. जवळपास दहा वर्षे एक वेळच्या जेवणावर काढली, असे त्यांनी पुढे सांगितले. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांच्या हाताखाली त्या घडल्या. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीने खेळ सोडायची पाळीही त्यांच्यावर आली होती. आजीने प्रशिक्षकांच्या कानावर घातले, समजूत निघाली आणि त्या मैदानावर परतल्या. देशाची कर्णधार आणि खेळ सोडायला निघालेली मुलगी या दोघी एकाच वर्षात एकाच घरात राहत होत्या.

२०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोसाठी हा पुरस्कार १९९८ मध्ये शोभा नारायण यांना मिळाला होता. मधली बावीस वर्षे कोरडी गेली. पुरस्काराच्या वेळी सारिका तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी होत्या. जिल्ह्यातल्या मुलींसाठी पदकाइतकीच मोलाची गोष्ट हीच असावी. खेळातून पगाराची नोकरी मिळते, असे घरी दाखवता येईल असे उदाहरण समोर उभे राहिले. २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा उस्मानाबादेत भरली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या विजयी संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

दुष्काळी जिल्ह्यात हाच खेळ का रुजला? साधे उत्तर आहे : याला साहित्य लागत नाही. दोन खांब, आखणीसाठी फक्की आणि नऊ जणी. पण दुसरेही एक कारण दिसते. खो-खोत आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेल्या असतात. पळणारी नववी एकदा दिशा धरली की वळू शकत नाही, मधली रेषा ओलांडू शकत नाही. तिची मर्यादा संपते तिथे बसलेलीने उठायचे. एकटीने गाजवायचा हा खेळ नाही. पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचे नाही आणि पडली की क्षणही दवडायचा नाही, हे शिकवणारा आहे. घरातली कामे वाटून घेत वाढलेल्या मुलींना हे गणित वेगळे समजवावे लागत नसावे.

माहेरचे नाव, सासरचे नाव

राष्ट्रीय स्पर्धांतल्या पुरस्कारांची नावे पाहण्यासारखी आहेत. कुमार गटातल्या सर्वोत्तम मुलाला वीर अभिमन्यू पुरस्कार मिळतो, मुलीला जानकी पुरस्कार. वरिष्ठ गटात पुरुषाला एकलव्य आणि महिलेला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार. जानकी म्हणजे जनकाची लेक, सीतेचे माहेरचे नाव. लक्ष्मीबाई हे मणिकर्णिकेला लग्नानंतर मिळालेले नाव. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेलही, पण कुमार गटातून वरिष्ठ गटात जाणे म्हणजे माहेरच्या नावाकडून सासरच्या नावाकडे जाणे, असा अर्थ त्यांतून आपसूक निघतो.

इतिहासकाराची खरी अडचणही इथेच आहे. सामन्याच्या गुणपत्रकावर खेळाडूचे नाव आणि तिने किती मिनिटे संरक्षण केले, किती गडी बाद केले, याची नोंद असते. जुन्या कुमार संघातला मुलगा पुढे शोधायचा तर त्याचे नाव तेच राहते. तो शिक्षक झाला, पोलिसात गेला किंवा शेती करतो, हे विचारत जाता येते. मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, काही घरांत तर पहिले नावही बदलते. गुणपत्रकावरची मुलगी आणि मतदारयादीतली बाई एकच आहे, हे कागदावरून कळायला मार्ग राहत नाही. तीन मिनिटे संरक्षण करून संघाला सामना काढून देणारी खेळाडू अशी इतिहासातून बाद होते, आणि तिला बाद करणारा गडी कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

म्हणून उमरगा, लोहारा, तुळजापूर, मुरुम अशा ठिकाणच्या शाळांनी एक साधे काम करावे. आपल्या जुन्या संघांची प्रमाणपत्रे, गटाची छायाचित्रे, प्रवेशिका वाळवी लागण्याआधी एकत्र कराव्यात आणि प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिचे आजचे नाव व गाव लिहून ठेवावे. या भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घरांबरोबर शाळांची दप्तरेही मातीत जाताना पाहिली आहेत. कागद किती लवकर जातो, हे इथल्या माणसांना वेगळे सांगायला नको. ज्या बायका त्या छायाचित्रांत झिपऱ्या केसांनी आणि धुळीच्या गुडघ्यांनी उभ्या आहेत, त्यांतल्या बहुतेक आज तीस-चाळीस किलोमीटरच्या आतच कुठल्यातरी गावात नांदत असतील. त्यांच्या मुली आता तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या असतील. त्यांना मैदानावर पाठवायचे की नाही, हा निर्णय आज ज्या घरांत होतो आहे, तिथे आईने कुमार गटात काय केले होते याचा कागद हाताशी असलेला बरा.