बंदुकांच्या कारखान्यातले आटे

नव्वदच्या दशकातली पोलादी माउंटन बाइक उलटी करा आणि दोन्ही पायडलांच्या मधली ती आखूड आडवी नळी पाहा. दोन्ही क्रँक म्हणजे पायडलांचे दांडे जोडणारा एक्सल आणि त्याची बेअरिंग धरणारा बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट बसतो तो या नळीत. तिच्या आत दोन्ही तोंडांना आटे पाडलेले असतात. व्यास १.३७ इंच, एका इंचात २४ आटे. डावीकडे सुलटे, उजवीकडे उलटे. सायकल आखली अमेरिकेत, जोडली जपानमध्ये नाहीतर तैवानमध्ये, आतला एक्सल शिमानो कंपनीचा, आणि माप मात्र इंचात! जगभरचे सायकल मिस्त्री या मापाला आजही ‘बीएसए’ म्हणतात.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली, ती बंदुका हाताने न घडवता यंत्रावर करण्यासाठी. यंत्रावरच्या कामाला मापाची शिस्त लागते, कारण एका बंदुकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. सरकारी मागणी मंदावली तेव्हा हीच यंत्रे आणि हीच शिस्त सायकलीच्या कामाला लागली. १८८०मध्ये सायकली सुरू झाल्या, १८८७मध्ये रायफलींच्या कामापायी बंद पडल्या, आणि १८९३पासून कंपनी सायकलीचे सुटे भाग बनवून इतरांना पुरवू लागली. त्या भागांवर तीन रायफलींची खूण असे. पूर्ण सायकल विकणाऱ्यापेक्षा सुटे भाग विकणाऱ्याचे माप जास्त दूर पोचते, असे मला वाटते. ज्याने भाग घेतला त्याला आपली नळी त्या मापाची करावीच लागते. आपल्याकडे ही अक्षरे घरोघरी पोचली ती मद्रासच्या टीआय सायकल्समुळे. १९४९ साली मुरुगप्पा समूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर ती उभी केली, आणि पुढे ‘बीएसए एसएलआर’वर कित्येक मुले शाळा-कॉलेजात गेली.

पूर्वी प्रत्येकाचे माप वेगळे होते. इटालियन नळी ३६ मिलिमीटर व्यासाची आणि ७० रुंदीची, पण तिच्यातही आटे इंचाला २४च. फ्रेंच नळी ३५ मिलिमीटरची, आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. नॉटिंगहॅमच्या रॅली कंपनीने आपल्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले. इटालियन आणि फ्रेंच दोन्ही पद्धतींत उजवीकडचे आटेही सुलटे, आणि तिथेच त्या अडतात. पायडल मारताना बेअरिंगवरचा जोर एका जागी राहत नाही, बेअरिंग धरणाऱ्या आट्यांच्या वाटीच्या कडेने फिरत राहतो. त्यामुळे वाटी जरा जरी सैल असली तरी क्रँकच्या उलट दिशेने कणाकणाने सरकते. उजवीकडे सुलटे आटे असतील तर हे सरकणे वाटी सोडवते. उलटे असतील तर तेच तिला आवळते. इंग्लिश माप टिकले त्यात बाजाराचा वाटा मोठा आहेच, पण ते मुळातच शहाणपणाचे आहे.

माउंटन बाइकच्या घराण्यात हे माप जन्मापासून नव्हते. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीतल्या टॅमलपायस डोंगरावरून पोरे ज्या जुन्या श्विन सायकली खाली पिटाळत, त्यांची नळी मोठी आणि बिनआट्यांची होती. दोन्ही क्रँक आणि एक्सल मिळून वाकवलेली एकच सळई तिच्यातून ओवलेली असे. १९७७मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठी मुद्दाम नवी फ्रेम घडवली. तो मुळात रोड सायकलींच्या फ्रेमा करणारा, त्यामुळे तिकडची कारागिरी इकडे आली. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर जपानमध्ये बनून बाजारात उतरली, आणि त्यानंतर ६८ मिलिमीटर रुंदीची बीएसए नळी डोंगरातही रुळली. पुढे तिला ७३चे रुंद भावंडही आले.

नळी स्थिर राहिली, बदलत गेला तो एक्सल. आपल्या साध्या सायकलीत क्रँक कॉटर पिन ठोकून बसवतात. १९३३मध्ये फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने ती पिन काढून टाकली आणि टोकाला निमुळता होत जाणारा चौकोनी एक्सल आणला. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक माउंटन बाइकमध्ये हाच असतो. त्याच दशकाच्या उत्तरार्धात शिमानोचा आठ खाचांचा ऑक्टालिंक आला, त्याला उत्तर म्हणून इतरांनी दहा खाचांचा आयसिस काढला, आणि २००३मध्ये २४ मिलिमीटर जाडीचा पोकळ एक्सल क्रँकलाच जोडून आला. या तिन्हींचे बीबी त्याच बीएसए आट्यांत बसत. नंतर आटेच काढून बेअरिंग नळीत दाबून बसवायची टूम निघाली. पायडल मारताना होणाऱ्या कुरकुरीने लोक त्रासले, आणि २०१५च्या सुमारास टी४७ नावाने आटे पुन्हा आले. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

आता जुन्या बाइकचा बीबी बदलण्याकडे. उजवी वाटी काढताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलट्या आट्यांचा विसर पडला की माणूस ती सोडवण्याऐवजी आवळत बसतो. जुन्या बीबीवर सहसा ‘१.३७ × २४’ कोरलेले किंवा छापलेले असते, आणि शेजारी ‘६८-११३’सारखी जोडी. पहिला आकडा नळीची रुंदी. अक्षरे पुसली असतील तर रुंदी व्हर्निअरने मोजा, ६८ आणि ७३मधला फरक डोळ्यांना कळत नाही. दुसरा आकडा एक्सलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी. चुका होतात त्या इथे. ऐंशीच्या दशकातल्या क्रँकना साधारण १२२ ते १२७ मिलिमीटरचा एक्सल लागे, नंतरच्या क्रँकचा घाट असा बदलला की १०७ ते ११३ पुरू लागला. लांब एक्सलच्या जागी आखूड घातला तर सर्वांत लहान चेनव्हील मागच्या दांड्याला घासते. आखूड एक्सलच्या जागी लांब घातला तर चेन तिरकी पळते आणि पुढचा गिअर मोठ्या चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून लांबी क्रँकच्या मॉडेलवरून ठरवावी, आधी कुणी चुकीचा एक्सल घातलेला असू शकतो.

चौकोनी एक्सलचेही दोन पंथ आहेत, जपानी जेआयएस आणि कॅम्पान्योलोसारख्या कंपन्यांचा आयएसओ. उतार दोन्हींचा सारखाच, पण आयएसओचे टोक बारीक, त्यामुळे एकाची क्रँक दुसऱ्यावर काही मिलिमीटर आत किंवा बाहेर बसते. जुन्या माउंटन बाइकला बहुधा जेआयएसच लागतो आणि तो आजही नवा मिळतो. नळीतले आटे रॉकेलने धुऊन ग्रीस लावा, पहिले काही वेढे हातानेच द्या, आणि सहज फिरेनासे झाले तर जोर न लावता वाटी काढून पुन्हा सरळ धरा.