चौघांची यादी आणि एकाची निवड

पुणे कराराविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन उपोषणाविषयी, येरवड्याच्या तुरुंगातील आंब्याच्या झाडाविषयी आणि करारावरील सह्यांविषयी आहे. गांधीजींचे प्राण आणि बाबासाहेबांची कोंडी ह्या दोन टोकांमध्ये चर्चा फिरत राहते. कराराचा मजकूर मात्र फारसा कोणी वाचीत नाही. त्यातील दुसरे कलम तर जणू अस्तित्वातच नव्हते, अशा रीतीने चळवळीच्या स्मृतीतून ते निसटले आहे. वास्तविक बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडला तो ह्या कलमाच्या भरवशावर. ते कलम होते प्राथमिक निवडणुकीचे.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या ह्या कराराने प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना १४८ जागा दिल्या. त्यांपैकी सिंधसह मुंबई प्रांताच्या वाट्याला १५ आल्या. ह्या जागा भरावयाच्या कशा, तर दोन टप्प्यांनी. मतदारसंघाच्या सर्वसाधारण यादीत ज्या अस्पृश्यांची नावे असतील त्या सर्वांचा मिळून एक निवडणूक-संघ व्हावयाचा. ह्या संघाने प्रत्येक राखीव जागेसाठी आपल्यातील चार उमेदवारांचे पॅनेल निवडावयाचे. मत प्रत्येकाला एकच. सर्वांत जास्त मते मिळविणारे चौघे अंतिम निवडणुकीस उभे राहावयाचे आणि तेथे सवर्णांसह सगळ्या हिंदू मतदारांनी त्या चौघांतून एकाला निवडावयाचे. ही पद्धत दहा वर्षे चालावयाची, उभयपक्षी संमती झाल्यास त्याआधीच संपावयाची.

ही दोन टप्प्यांची कल्पना वाटाघाटीत सर तेजबहादूर सप्रू यांनी मांडली. आधी ती काही जागांपुरती होती. ती सर्वच राखीव जागांना लावावी, हे गांधीजींचे म्हणणे. बाबासाहेबांनाही ते पटण्यासारखे होते, कारण अस्पृश्यांची पसंती आधी नोंदली गेल्याशिवाय कोणीही अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणवून घेऊ शकणार नाही, अशी ही रचना दिसत होती. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदाराच्या हाती दोन मते दिली होती, एक स्वतंत्र मतदारसंघातील व एक सर्वसाधारण मतदारसंघातील. त्यातील पहिले गेले आणि त्याच्या जागी हा उंबरठा आला.

उंबरठा किती उंच होता, हाच खरा प्रश्न आहे. समजा, एका मतदारसंघात एक हजार अस्पृश्य मतदार मताला आले. पाच उमेदवार उभे आहेत. चळवळीच्या तिघांना मिळून नऊशे मते पडली, उरलेल्या दोघांना सत्तर आणि तीस. आता सत्तर मतांचा गृहस्थ चौथा आला, म्हणून पॅनेलात गेला. अंतिम निवडणुकीत वीस हजार सवर्ण मतदार आहेत. त्यांनी त्याच गृहस्थाला निवडले, तर त्याला कोणी अडवू शकत नाही. हजारात नऊशे तीस लोकांनी ज्याला मत दिले नाही तो त्या हजारांचा आमदार! पॅनेल दोघांचे असते तर हे इतके सोपे झाले नसते. चारचा आकडा उदार दिसतो, परंतु ते औदार्य कोणाच्या उपयोगी पडणार होते ते ह्या साध्या हिशेबावरून कळते. चळवळीला ह्यातून बाहेर पडण्याची वाट एकच होती, ती म्हणजे चारही जागा आपल्याच माणसांनी भरणे. पण मत एकच असल्यामुळे त्यासाठी कोणत्या वस्तीने कोणाला मत द्यावयाचे हे घरोघर जाऊन ठरवून द्यावे लागते. एवढी शिस्त ज्या पक्षाकडे असेल त्यालाच हा खेळ जमावा.

ही बाब उपनगरांच्या भूगोलात बसवून पाहू. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर हा साष्टीचा पट्टा त्या काळी निम्मा गावठाण, निम्मा मिठागर आणि शेती असा होता. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मतदारसंघ आखले गेले तेव्हा ‘मुंबई शहर उत्तर आणि मुंबई उपनगर जिल्हा’ असा एक मतदारसंघ झाला आणि त्यात एक जागा राखीव झाली. भायखळा-परळ हा दुसरा राखीव जागेचा मतदारसंघ. तो सर्वांना ठाऊक आहे, कारण तेथून १९३७ मध्ये स्वतः बाबासाहेब उभे राहिले. गिरणगावात चाळी होत्या, युनियन होत्या, समता सैनिक दल होते. एका हाकेसरशी हजारो लोक रस्त्यावर येत. उपनगरातील दलित मतदार मात्र रेल्वेच्या दोन फाट्यांवर विखुरलेला, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आणि नगरपालिकांच्या सफाई कामगारांच्या चाळींत राहणारा. मालमत्ता, भाडे अथवा शिक्षण ह्यांच्या अटी पुऱ्या करून यादीत नाव लागलेले त्यांत थोडेच. एकमताच्या प्राथमिक निवडणुकीला जी घरोघरची बांधणी लागते ती अशा विखुरलेल्या मतदारांत परळइतकी कशी उभी राहावी? कायद्याचा नियम सर्वत्र एकच असतो, पण ज्या जमिनीवर तो पडतो ती एकसारखी नसते.

नियमांचा तपशील ठरविण्याचे काम सर लॉरी हॅमंड यांच्या समितीकडे होते. तेथे दोन गोष्टी ठरल्या. पहिली अशी की, चार किंवा त्याहून कमी उमेदवार असतील तर प्राथमिक निवडणूक घेण्याचे कारण नाही, ते सगळे आपोआप अंतिम निवडणुकीस पात्र. ह्या एका वाक्याने करारातील दुसरे कलम जवळजवळ निकामी झाले. ज्या पक्षाला अस्पृश्यांच्या पसंतीची परीक्षा द्यावयाची नाही त्याने एकच उमेदवार उभा करावा, इतरही दोन-तीनच राहिले की परीक्षाच रद्द! बहुतेक राखीव जागांवर प्राथमिक निवडणूक झालीच नाही, ती ह्यामुळे. दुसरी गोष्ट मुंबई प्रांतापुरती आमच्या बाजूची झाली. बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला जितक्या जागा तितकी मते आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा, अशी संचयी पद्धत येथे लागू झाली. अल्पसंख्याकांच्या हाती ह्याहून चांगले हत्यार असत नाही. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील १४ निवडून आले, ह्यात ह्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. भायखळा-परळमध्ये काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध विख्यात गोलंदाज पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळू हे स्वतः अस्पृश्य समाजातील, एके काळी बाबासाहेबांनाही आदरणीय वाटलेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. करारानेच अशा लढती घडविल्या.

१९४६ मध्ये चित्र पालटले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत पुढे आणि अंतिम फेरीत मागे, असे ठिकठिकाणी झाले. मुंबई प्रांतात फेडरेशनला एकही जागा मिळाली नाही. म्हणून बाबासाहेबांना घटना परिषदेवर जाण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून वाट काढावी लागली. जुलै १९४६ मध्ये पुण्यास कायदेमंडळाच्या अधिवेशनासमोर फेडरेशनने सत्याग्रह केला तो पुणे करार रद्द करा ह्या मागणीसाठी. घटना परिषदेतही हा विषय एकदा निघाला. २८ ऑगस्ट १९४७ रोजी मद्रासचे एस. नागप्पा यांनी सूचना मांडली की, राखीव जागेवर विजयी ठरणाऱ्या उमेदवाराला स्वतःच्या समाजाची निदान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. नागप्पा काँग्रेसचे होते हे विशेष. सरदार पटेलांनी विरोध केला आणि सूचना मागे घेतली गेली. तेथे प्राथमिक निवडणुकीचा शेवटचा अवशेषही पुसला गेला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत दोन सदस्यांच्या मुंबई शहर उत्तर मतदारसंघात मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाला देण्याची मुभा नव्हती. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले, बाबासाहेब पराभूत झाले. १९५५ मध्ये फेडरेशननेच राखीव जागा नकोत असा ठराव केला, तो रागाच्या भरात नव्हे.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. ज्या वर्षी येरवड्यात प्राथमिक निवडणुकीचा करार झाला त्याच १९३२ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टेक्सस राज्यातील प्राथमिक निवडणुकीचा एक खटला निकाली निघाला. एल पासो येथील काळे डॉक्टर निक्सन यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत नाकारले होते. तेथे राज्यपाल, शेरीफ आणि न्यायाधीशसुद्धा लोकमताने निवडले जातात. पक्षाच्या प्राथमिक फेरीत ज्याचे नाव ठरले तोच पुढे निवडून यावयाचा, इतका तो पक्ष तेथे प्रबळ होता. म्हणजे खरी निवडणूक प्राथमिकच, नंतरची केवळ शिक्का मारण्यापुरती. त्या प्राथमिक फेरीचे दार काळ्यांना बंद. गळफासाच्या झुंडीला सोडून देणारा न्यायाधीश कोठून येतो, हे कळण्यासाठी निकालपत्रे वाचण्याची गरज नाही. उमेदवाराची यादी कोणी केली ते पाहावे.

निक्सन जिंकले, पण पक्षाने लगेच आपल्या अधिवेशनात ठराव करून तेच दार पुन्हा लावले. युक्तिवाद असा की, पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिने कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न. १९३५ मध्ये न्यायालयाने तो मान्यही केला. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात थर्गुड मार्शल यांनी बाजू मांडली आणि ३ एप्रिल १९४४ रोजी ही ‘गोरी प्राथमिक’ घटनाबाह्य ठरली. तरीही फोर्ट बेंड कौंटीत एका गोऱ्या मंडळाने प्राथमिकच्याही आधी आपली खाजगी निवडणूक चालूच ठेवली होती. ती १९५३ मध्ये बंद पाडावी लागली. दार एक मोडले की त्याच्या अलीकडे दुसरे बांधायचे! आमच्याकडे उलट झाले. पहिल्या दारातून आम्हाला आत घेतले, कारण शेवटच्या दाराची किल्ली दुसऱ्यांच्या हाती होती.

न्यायाधीश मतपेटीतून निवडावेत असे मी म्हणत नाही. ज्या देशात गावकी बहुमताने बहिष्कार टाकते तेथे बहुमताचा न्यायाधीश दलिताला परवडणारा नाही. आमच्या घटनेने न्यायाधीशांना मतदानापासून दूर ठेवले ते योग्यच केले. परंतु निवडणूक नाही म्हणून प्राथमिक फेरी नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे. यादी कोठे तरी होतेच. पुणे कराराच्या आठव्या कलमात सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांना रास्त प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सर्व प्रयत्न केले जातील, असे म्हटले होते. प्रयत्न कोणी करावेत, किती करावेत आणि न झाल्यास काय, ह्यावर अक्षर नाही. दुसऱ्या कलमात निदान चारचा आकडा होता!

१९३७ साली पुणे जिल्ह्यातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आलेले आर. आर. भोळे पुढे न्यायखात्यात गेले, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९८० मध्ये लोकसभेवर निवडून आले. राखीव जागेवरून विधिमंडळात आणि मग न्यायासनावर, हा प्रवास एका माणसाला जमला. त्याची रीत झाली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील दंडाधिकारी न्यायालयांतील न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. त्या जाहिरातीत अनुसूचित जातींच्या जागा मोजून छापलेल्या असतात. लोकलने तासाभरावर फोर्टात उच्च न्यायालय आहे. तेथे जाहिरात नाही, परीक्षा नाही, राखीव जागा नाहीत. १९९३ च्या निकालापासून ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ नावे ठरविते. सरन्यायाधीशाच्या संमतीला नकाराधिकाराचे बळ देऊ नये, कारण तोही शेवटी माणसाचे गुणदोष असलेला माणूसच आहे, असे बाबासाहेबांनी २४ मे १९४९ रोजी घटना परिषदेत बजावले होते.

सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ पासून उच्च न्यायालयांवर नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे २२ होते. सर्वोच्च न्यायालयात पहिले दलित न्यायमूर्ती ए. वरदराजन १९८० साली आले, म्हणजे घटना लागू झाल्यानंतर तीस वर्षांनी. के. जी. बालकृष्णन २००७ मध्ये आणि अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. त्याचा आनंद आपण साजरा केला, तो करावाच. पण दोन नावांवरून यादी कशी होते ते कळत नाही.

हा प्रश्न घाटकोपरच्या माणसाला पुस्तकी वाटू नये. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. सत्र न्यायालयातून शिक्षा होण्यास २००९ साल उजाडले आणि नंतर उच्च न्यायालयातून आरोपी उपनिरीक्षकाला जामीन मिळाला. कोणत्या न्यायमूर्तींनी काय करावयास हवे होते ह्याची चर्चा येथे करीत नाही. वस्तीतील लोकांनी बारा वर्षे ज्या न्यायासनांसमोर हेलपाटे घातले, त्यांवर कोण बसावे हे ठरविणाऱ्या कोणत्याही यादीशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, एवढेच सांगावयाचे आहे.

२०१४ च्या नव्व्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने न्यायाधीश-नेमणुकीचा आयोग निर्माण केला होता. त्यातील दोन मान्यवर सदस्यांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य अथवा स्त्रिया ह्यांतील असावा अशी तरतूद होती. त्या आयोगात सरकारचा हात फार लांब होता, ही टीका खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती दुरुस्ती रद्द केली. सरकारचा हात कापला गेला, त्याबरोबर ते एक आसनही गेले. ते आसन वेगळे काढून राखावे, अशी मागणी घेऊन त्या वेळी आपल्या संघटनांपैकी कोणी मोर्चा काढला नाही.