दुसरी प्रत

सोलापूरकडून येणारा महामार्ग हैदराबाद शहरात शिरतो तो कुकटपल्लीवरून. एके काळी शहराबाहेरचे खेडे असलेले हे स्थान आज गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीने, उंच इमारतींनी आणि २०१७ साली सुरू झालेल्या मेट्रोने गजबजून गेले आहे. उपजीविकेच्या निमित्ताने जी मराठी व कोंकणी कुटुंबे या भागात येऊन राहिली, त्यांच्यासोबत वाडवडिलांच्या घराचे चिरे आले नाहीत, की कुलदेवतेच्या देवळाचा सभामंडप आला नाही. आली ती त्यांची छायाचित्रे. पूर्वी ती एका पेटीत मावत. आज मुंज, लग्न, पालखी, पाळणा अशी सहस्रावधी चित्रे एकेका मोबाईलमध्ये साठलेली असतात. ही चित्रे आणखी पन्नास वर्षांनी कोणास पाहावयास मिळतील काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही; जुन्या निजाम राज्याचा इतिहासच ते देतो.

अजिंठ्याची लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. १८१९ साली ती युरोपीयांच्या दृष्टीस पडली आणि तेथील भित्तिचित्रे झिजत चालली आहेत हे लवकरच ध्यानी आले. म्हणून १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांस त्या चित्रांच्या प्रती काढण्याच्या कामी नेमले. गिल यांनी उणीपुरी वीस वर्षे हे काम केले. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत रंगविलेल्या या प्रती लंडनला गेल्या व सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाल्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या वास्तूस आग लागली आणि मोजक्या चित्रांवाचून सारे भस्मसात झाले.

काम पुन्हा आरंभावे लागले. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या हिंदी विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास मुक्काम करून नव्या प्रती सिद्ध केल्या. त्याही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांतील कित्येक नष्ट झाल्या. दोन पिढ्यांचे श्रम दोन आगींत गेले. मूळ भिंती मात्र सह्याद्रीच्या कुशीत उभ्याच होत्या. प्रती नव्हत्या असे नव्हे. परंतु जी प्रत होती ती सगळीच्या सगळी एका छपराखाली होती. प्रत काढणे आणि प्रत सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत, हा धडा येथे मिळतो.

पुढचे प्रयत्न अधिक टिकाऊ ठरले त्याचे कारणही पाहण्यासारखे आहे. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली अजिंठ्याची चित्रे दोन खंडांत छापून प्रसिद्ध केली. १९१४ साली निजाम राज्यात पुरातत्त्व खाते स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्यावरील ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत पुरा केला. छापलेला ग्रंथ अनेक गावांच्या ग्रंथालयांत जातो. एक ग्रंथालय जळाले तरी दुसरे शिल्लक राहते.

त्याच हैदराबादने दुसराही धडा दिला आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालचा, मीरतजवळच्या सरधना गावचा. रुडकीस शिक्षण घेऊन ते इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले, तेथे छायाचित्रकलेचा छंद जडला आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमून ‘राजा’ हा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. त्या काळी चित्राची मूळ प्रत काचेवर असे. काच फुटली की चित्र संपले. दीनदयाळ यांच्या काचांवर क्रमांक घातलेले आढळतात, त्यामुळे कोणती काच कोणत्या चित्राची हे जुळविता येते. १९०५ साली ते निवर्तले. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या मिळविल्या, तेव्हा त्या केवळ काचांचा ढीग म्हणून आल्या नाहीत. क्रमांक व नाव यांवाचून राहिलेले चित्र कितीही सुंदर असले तरी चार पिढ्यांनी ते परक्याचे होते.

आता आजच्या चित्रांकडे वळू. कॅमेरा चित्र घेतो त्याच क्षणी दिनांक व वेळ, आणि सोय चालू असल्यास स्थळही, चित्राच्या फाईलमध्ये नोंदवून ठेवतो. दीनदयाळांना हाताने करावे लागले ते यंत्र आपोआप करते. परंतु व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकाराने घटते व या नोंदीही बहुधा गळून पडतात. म्हणून जपावयाची ती मूळ फाईल. ‘डिजीकॅम’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली चित्रे दिनांकवार लावते, एकाच चित्राच्या अनावश्यक प्रती दाखविते, सारखे चेहरे एकत्र आणते. मात्र पालखीच्या पुढे चालणारा तो वृद्ध गृहस्थ कोण, हे तीस ठाऊक नसते. ते घरातील आजीस ठाऊक असते. तिने सांगावे व नातवाने लिहावे. लिहिलेले नाव चित्राच्या फाईलमध्येच साठविण्याची सोय या प्रणालीत आहे. फोल्डरांस वर्ष, महिना, प्रसंग या क्रमाने नावे दिली तर ती आपोआप कालानुक्रमे लागतात.

प्रणालीवरही सारा भार टाकू नये. गूगलने २००४ साली घेतलेली ‘पिकासा’ ही लोकप्रिय प्रणाली २०१६ साली त्याच कंपनीने बंद केली. चित्रे साध्या, सर्वत्र उघडणाऱ्या फाईलींत व स्वतःच्या फोल्डरांत असली, तर प्रणाली गेली तरी चित्रे जात नाहीत. क्लाऊडविषयीही एक गैरसमज आहे. मोबाईल व क्लाऊड एकमेकांशी जुळते ठेवलेले असतील, तर एकीकडे पुसलेले चित्र दुसरीकडूनही पुसले जाते. आरशातील प्रतिबिंबास दुसरी प्रत म्हणता येत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नियम आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतील एक प्रत परस्थळी. संगणकावर एक, वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी क्लाऊडवर किंवा परगावच्या नातलगाकडे. परस्थळ का, हे हैदराबादकरांस सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने शहराचा मोठा भाग धुऊन नेला. १३ व १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसातही अनेक वस्त्यांत पाणी शिरले. कुकटपल्लीच्या घरातील एक प्रत सोलापुरास अथवा मडगावास असली, तर एकच पूर दोन्ही ठिकाणी येणार नाही.

प्रत ठेवून विसरणेही उपयोगाचे नाही. आपल्या वेदपाठकांनी संहिता, पद, क्रम, जटा, घन असे एकाच मंत्राचे निरनिराळे पाठ सिद्ध केले; एका पाठातील चूक दुसऱ्या पाठाने उघडी पडते. संगणकही फाईलमधून गणिताने एक खूणसंख्या काढतो व मूळ आणि प्रत यांच्या संख्या ताडून पाहतो. ज्यास हे जमत नसेल त्याने वर्षातून एकदा हार्ड डिस्क जोडून दहावीस चित्रे उघडून पाहावीत. तेवढ्यानेही पुष्कळ कळते.

देवस्थानांच्या व्यवस्थापकांस आमची विशेष विनंती आहे. जत्रेची व जीर्णोद्धाराची चित्रे एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये राहतात आणि तो मोबाईल बदलला की इतिहासाचे एक पान हरवते. उत्सव संपताच मूळ फाईली गोळा करून समितीच्या दप्तरी त्यांची नोंद व्हावी व एक प्रत दुसऱ्या गावी जावी. घरांसाठी येत्या चातुर्मासातील एक संध्याकाळ पुरेशी आहे. वडीलधाऱ्यांना मध्ये बसवावे, जुनी चित्रे एकेक करून समोर धरावीत, आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत. डिस्क बाजारात केव्हाही मिळते. नावे सांगणारी माणसे मात्र कायमची लाभत नाहीत.